तिथीचा भाव : नारायणगावच्या राहुट्यांत ठरणारं तमाशाचं वर्ष

पुण्याहून नाशिकच्या वाटेला लागलं, की सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर नारायणगाव लागतं. जुन्नर तालुक्यातलं, मीना नदीकाठचं हे गाव एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पण फाल्गुन सरत आला की इथे कापडी राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एकेका फडाच्या नावाचा फलक, त्यावर मालकाचं नाव, कलावंतांचे फोटो आणि यंदाच्या वगनाट्याचं नाव. आत एक टेबल, चार खुर्च्या, फड काढणाऱ्या जुन्या पिढीचा हार घातलेला फोटो, आणि कनातीला टांगलेलं कालनिर्णय.

या राहुट्यांत ढोलकी वाजत नाही, कुणी लावणी म्हणत नाही. तरीही चैत्र-वैशाखात कोणत्या गावच्या जत्रेत कोणत्या रात्री कोणता फड उभा राहणार, हे इथे ठरतं. शहरात गाण्याचा कार्यक्रम असला की आधी जाहिरात येते, मग तिकीट निघतं आणि ऐकणारा एकेकटा येऊन खुर्ची विकत घेतो. तमाशाची रीत निराळी. इथे अख्खं गाव मिळून एक रात्र विकत घेतं आणि मग ती रात्र सगळ्यांसाठी मोकळी असते. मळ्यातला गडी आणि सरपंच एकाच भुईवर बसतात. तमाशा इतकी वर्षं टिकला त्याचं एक मोठं कारण या रीतीत आहे, आणि आज तो ज्या अडचणीत आहे तिचं मूळही इथेच आहे. म्हणून तमाशा समजून घ्यायचा तर रंगमंचाच्या आधी ही राहुटी पाहावी.

सुपारी

जीप थांबते. पाच-सहा जण उतरतात. पांढऱ्या टोप्या, एक-दोन तरुण, एकाच्या हातात वही. ही गावची यात्रा कमिटी. राहुटीतला मॅनेजर उठून उभा राहतो.

"रामराम, या. बसा पाव्हणं. कुठलं गाव?"

गावाचं नाव सांगून होतं, चहा येतो. मग मुद्द्याची गोष्ट निघते.

"अष्टमी मोकळी हाय का?"

"अष्टमी कवाच गेली. नवमी देतो. वाजवीत देतो."

"नवमी घिऊन काय करू? आमची जत्राच अष्टमीची. देवाला सांगू का, एक दिस थांब म्हणून?"

मॅनेजर हसतो, वही उलटतो, दुसऱ्या फडाचं नाव सुचवतो. मंडळी उठतात आणि शेजारच्या राहुटीत शिरतात. दिवसभर हेच चाललेलं असतं. भाव काढायचा, उठायचं, पुढच्या राहुटीत जायचं, पुन्हा फिरून पहिल्या राहुटीत यायचं. फडाचा माणूसही समोरच्याला ओळखून असतो. कोणत्या गावाला नाच जास्त लागतो, कोणतं गाव वग पुरा झाल्याशिवाय उठू देत नाही, कुठे पैसे वेळेवर मिळतात, कुठे मागच्या वर्षी स्टेजवर दगड आला, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं.

सौदा जमला की त्याला सुपारी म्हणतात. पूर्वी मानाचं निमंत्रण द्यायचं तर सुपारी हातावर ठेवत, तोच शब्द इथे करारासाठी रुळला. इसार दिला जातो, वहीत तिथीसमोर गावाचं नाव चढतं, आणि ती रात्र त्या गावाची होते. कलावंत किती येणार, रंगमंच केवढा हवा, वग कोणता, सकाळची हजेरी करायची की नाही, हे तिथेच बोलून घेतात. हजेरी म्हणजे रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गावात होणारा छोटा कार्यक्रम. दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरायच्या आत ती उरकायची असते.

कमिटीच्या हातात जो पैसा असतो तो लोकवर्गणीचा. घरटी ठरलेली रक्कम, शिवाय नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींनी पाठवलेली. जत्रेत लाउडस्पीकरवर ही नावं वाचली जातात. त्यामुळे राहुटीत बसून भाव करणाऱ्या त्या पाच-सहा जणांवर सगळ्या गावाचं ओझं असतं. फड चांगला निघाला तर वर्षभर त्यांची पाठ थोपटली जाते. खेळ पडला तर पारावर बसणं अवघड.

पंचेचाळीस दिवसांचं वर्ष

कालनिर्णय राहुटीत का टांगलेलं असतं, ते आता बघू. गावजत्रा इंग्रजी तारखेवर भरत नाही, ती तिथीवर भरते. भैरवनाथ, हनुमान, खंडोबा, म्हसोबा, मुक्ताबाई, ज्या गावचा जो देव त्याची जी तिथी ठरलेली, ती पिढ्यान् पिढ्या तीच. रब्बीची पिकं निघालेली, पावसाला अवकाश आहे, हातात चार पैसे आहेत, रान मोकळं आहे, अशी ही वेळ. म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य गावांच्या जत्रा चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत येतात. हा काळ होतो दीड चांद्रमास, म्हणजे साधारण पंचेचाळीस दिवस.

आता हिशेब बघा. एक फड एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, ज्या गावांची जत्रा आहे त्यांची संख्या फडांच्या कितीतरी पट. चैत्र वद्य अष्टमीला तेच. अक्षय तृतीयेला तेच. त्यामुळे या तिथ्यांचा भाव चढतो, आणि लगेच दुसऱ्या दिवसाचा कोसळतो. तोच फड, तीच माणसं, तोच वग, पण अष्टमीची सुपारी आणि एखाद्या आडतिथीची सुपारी यांत मोठं अंतर असतं. इथे कलेइतकाच तिथीला भाव आहे. मोठ्या तिथ्या कोणत्या गावाला द्यायच्या आणि मधल्या रात्री रिकाम्या जाऊ नयेत म्हणून कुठे किती उतरायचं, यात मॅनेजरचं सगळं कसब. शिवाय दोन गावांतलं अंतर बघावं लागतं. आज जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात आणि उद्या सोलापूर जिल्ह्यात, असा बेत वहीत सोपा दिसतो. पण रात्रीचा खेळ आणि सकाळची हजेरी आटोपून ट्रक भरायचा, चार-पाच तास रस्ता कापायचा आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं, हे माणसांना करायचं असतं.

फडांचेही प्रकार आहेत. मोठ्या फडाचा स्वतःचा तंबू असतो, ट्रक असतात, जनरेटर असतो. त्यात नर्तकी, गायक, वादक, नट, सोंगाड्या यांच्याबरोबर तंबू ठोकणारे गडी, वायरमन, ड्रायव्हर, आचारी अशी गावभर माणसं असतात. हे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि चैत्रापर्यंत तंबूत तिकीट लावून खेळ करतात. चैत्र लागला की तंबू गुंडाळून सुपाऱ्यांवर येतात. छोटे, हंगामी फड मात्र फक्त जत्रांपुरते बांधले जातात.

पावसाळ्यात सगळं थंड. आषाढ ते भाद्रपद कलावंताच्या हाती काम नसतं आणि घर तर चालवायचं असतं. तेव्हा तो फडमालकाकडून पुढच्या हंगामाच्या बोलीवर पैसे उचलतो. याला उचल म्हणतात. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो, तीच ही रीत. मालक तरी पैसा कुठून आणतो? बऱ्याचदा व्याजाने. म्हणजे दसऱ्याला पहिला पडदा उघडायच्या आत मालकाच्या डोक्यावर सावकार आणि कलावंताच्या डोक्यावर मालक, असं कर्जाचं दुहेरी ओझं चढलेलं असतं. ते उतरायचं कधी, तर चैत्र-वैशाखाच्या त्या पंचेचाळीस दिवसांत.

हे समजलं की पाडव्याच्या राहुटीतली घासाघीस निराळी दिसायला लागते.

"नवं काय?"

कमिटी राहुटीत आणखी एक प्रश्न हमखास विचारते. "यंदा नवं काय?"

या प्रश्नाला तमाशाइतकाच जुना इतिहास आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ या शाहिरांचे फड होते. तेव्हा नवं म्हणजे नवी लावणी, नवा पोवाडा, आणि समोरच्या फडाने टाकलेल्या कोड्याला दिलेलं नवं उत्तर. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या सवाल-जवाबात रात्र उजाडायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यात वग आला. वग म्हणजे सलग कथा, सोंगं घेऊन सांगितलेली. सावळजच्या उमा-बाबूंच्या फडातला १८६५चा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो. गाण्याच्या रात्रीला गोष्ट मिळाली आणि तमाशा नाटकाच्या अंगाने वाढू लागला.

मग आले पठ्ठे बापूराव. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६चा, मृत्यू १९४५चा. ब्राह्मण घरातला हा माणूस जात, घर, प्रतिष्ठा सोडून तमाशात आला आणि त्याच्या लावण्यांनी उभा महाराष्ट्र वेडा झाला. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची पवळाबाई त्यांच्या फडात नाचायला उभी राहिली, तेव्हा ही जोडी पाहायला लोक कोसांवरून चालत येत. बापूरावांचा 'मिठाराणी'चा वग पुढे कित्येक फडांनी केला.

कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' गाजवला. दादू इंदुरीकरांनी 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार असा उभा केला की पुढे त्या वगावर २००७ साली चित्रपट निघाला. अण्णाभाऊ साठ्यांनी 'अकलेची गोष्ट'सारख्या तमाशांतून शेतकरी-कामगारांचा प्रश्न थेट बोर्डावर आणला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर काही काळ बंदी घातली. ती उठली, पण पुढे वगाची संहिता आधी तपासून घ्यायची अट आली. ज्या कलेत फडाच्या सरदाराने, म्हणजे म्होरक्याने, गोष्टीचा सांगाडा सांगायचा आणि नटांनी उभ्या उभ्या संवाद रचायचे, तिच्या हाती कागद आला. याचा एक फायदाही झाला. तोवर तोंडी चालणारे किती तरी वग लिहिले गेले.

सिनेमाचं नातं तर दोन्ही बाजूंनी आहे. १९५९चा 'सांगत्ये ऐका' तमाशाच्या गोष्टीवर उभा राहिला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. १९७२च्या 'पिंजरा'ने तमाशाची राहुटी रंगीत पडद्यावर आणली. सुलोचना चव्हाणांच्या ठसक्याने लावणी रेडिओवरून घराघरांत गेली. आणि मग हीच सिनेमाची गाणी फडांत परतली. २०१०च्या 'नटरंग'नंतर त्यातल्या लावण्या गावोगावच्या रंगमंचांवर होऊ लागल्या. तमाशाने सिनेमाला चाल दिली, सिनेमाने ती नटवून तमाशाला परत केली. मात्र या देवाणघेवाणीत एक गोष्ट हरवली. फडात लावणी रचणाऱ्या, वग बांधणाऱ्या कितीतरी माणसांची नावं कुठे छापली गेली नाहीत. सिनेमाच्या गाण्याचा गीतकार आपल्याला ठाऊक असतो. यंदाचा वग कुणी लिहिला, हे फलकावरही फार क्वचित दिसतं.

आज "नवं काय?" या प्रश्नाचा रोख पुष्कळ ठिकाणी एवढाच असतो: यंदाची गाजलेली गाणी घेतलीत का, मुली किती, लाइट कसली. राहुटीतला मॅनेजर मोबाइल काढून व्हिडिओ दाखवतो. कमिटीतला तरुण तो पाहून मान डोलावतो. वगाचं नाव फलकावर आहे, पण त्याबद्दल विचारणारा म्हातारा कोपऱ्यात गप्प बसलेला असतो.

रात्र कशी बांधलेली असते

तो म्हातारा काय मागत असतो, हे कळायला तमाशाची एक रात्र नीट पाहायला हवी.

खेळाच्या आधी रंगमंचामागे जा. ट्रकच्या आडोशाला दोघे-तिघे बसलेले दिसतील. पाचट नाहीतर कागद पेटवून त्यावर हलगी शेकत असतील. हलगीचं कातडं रात्रीच्या गारव्याने सैल पडतं, आवाज बसतो. वादक कडं धरून हलगी जाळावर फिरवतो, बाहेर काढतो, बोटाने टिचकी मारून कान देतो. बद्द वाजली की पुन्हा जाळावर. चार-पाच वेळा असं झालं की एकदम टणत्कार उठतो, तो दूर वस्तीवर ऐकू जातो. ज्या घरातली माणसं अजून जेवत असतात, त्यांना कळतं की आता निघायला हवं. तमाशाची खरी जाहिरात ही.

मग ढोलकी. हलगीबरोबर तिची जुगलबंदी सुरू होते. मागे तुणतुण्याची एकच तार सूर धरून ठेवते. झांज आणि लोखंडी कड्याचा किणकिणाट लय राखतो. झीलकरी शाहिराच्या ओळीचं टोक उंच स्वरात उचलून धरतात. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा हजारोंच्या गर्दीत शब्द मागपर्यंत पोचवायचं काम या झिलीनेच केलं.

पहिला येतो गण. गणपतीला वंदन. त्यानंतर गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची म्होरकी मावशी. मावशी पुरुषानेच करायची असते आणि ती कृष्णालाही सोडत नाही. गावातल्या चालू भानगडी, पाण्याचा टँकर, सोसायटीचं कर्ज, निवडणूक, सगळं मावशीच्या तोंडून बाहेर पडतं. मॅनेजरने दुपारीच पारावर बसून दोन-चार नावं आणि गोष्टी काढून ठेवलेल्या असतात. स्वतःच्या गावचं नाव मावशीच्या तोंडून आलं की समोरची गर्दी उसळते. मग बतावणी, रंगबाजीच्या लावण्या, आणि शेवटी वग.

या क्रमात एक शहाणपण आहे. देवापासून सुरुवात, मग हसणं, मग शृंगार, आणि मध्यरात्री, जेव्हा माणूस मनाने मऊ झालेला असतो, तेव्हा गोष्ट. ती बहुतेकदा अन्यायाची असते. राजा चुकलेला असतो, सून छळलेली असते, गरिबाचं शेत बळकावलेलं असतं. पहाटेपर्यंत न्याय होतो. लावणीवर शिट्ट्या मारणारी माणसं वगाच्या शेवटी उपरण्याने डोळे पुसतात. नुसती गाणी म्हटली तर हे होत नाही, कारण माणसाला तिथवर आणून सोडणारी वाटच उरत नाही.

इथे एक फरक सांगायला हवा. तमाशा आणि संगीत बारी हे दोन वेगळे प्रकार आहेत. बारीत वग नसतो. लावणीचं गाणं, नाच आणि अदाकारी हेच सर्वस्व. मोडनिंब, जामखेड, चौफुला अशा ठिकाणी आणि पुण्यात आर्यभूषण थिएटरात बाऱ्या चालतात. बैठकीची लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. बारी एका जागी बसते, तिच्याकडे रसिक येतो. ढोलकी-फडाचा तमाशा मात्र हिंडता. तो रसिकाच्या गावी जातो.

या हिंडत्या फडाचा वारसा नारायणगावला भाऊ-बापू मांग यांच्या घराण्यातून मिळाला. त्याच घरातल्या विठाबाई. ऐन खेळात कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट महाराष्ट्र अजून सांगतो. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००२ साली त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी फड पुढे नेला. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांनी पती तुकाराम खेडकर गेल्यावर मुलाबाळांसह फड उभा ठेवला. पैसा, माणसं, ट्रक, कर्ज, पोलिस परवानगी हे सगळं हाताळणाऱ्या या स्त्रिया होत्या. त्यांचा नाच सगळ्यांनी पाहिला. त्यांनी चालवलेला व्यवसाय केवढा होता, याचा विचार फार थोड्यांनी केला.

तीन पाडवे

पंचेचाळीस दिवसांवर वर्ष तोलून धरण्याची किंमत काय असते, हे २०२० साली कळलं. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरातली टाळेबंदी सुरू झाली ती त्याच दिवशी. राहुट्या उठल्या, जत्रा रद्द झाल्या, वहीतल्या सगळ्या सुपाऱ्या कोऱ्या कागदासारख्या झाल्या. कलावंतांनी आधीची उचल घेतलेली होती, ती फिटायला रात्रच उरली नाही.

पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला. १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. सलग दुसरा हंगाम गेला. त्याच मे महिन्यात कांताबाई सातारकरही गेल्या. ढोलकीवर ज्याची बोटं पंचवीस वर्षं फिरली, त्याने रोजंदारीवर जायचं. ज्या बाईच्या नावाचा फलक लागायचा, तिने शेतात खुरपायला जायचं. दोन वर्षं अशी निघाली.

तिसरा पाडवा २ एप्रिल २०२२चा. राज्य सरकारने सगळे निर्बंध उठवले ते नेमके त्या दिवसापासून. राहुट्या पुन्हा उभ्या राहिल्या. दोन वर्षं देवाची जत्रा न झालेली गावं उत्साहाने धावली. पण फडांतली माणसं पांगली होती. कुणी दुसरा धंदा धरला होता, कुणी गावीच राहिलं होतं. कर्ज मात्र व्याजासकट जागेवर होतं.

हंगाम कमी करणारी आणखीही कारणं आहेत. दुष्काळ पडला की वर्गणी आटते. अवकाळी पाऊस आला की रात्र वाहून जाते. लोकसभेच्या निवडणुका अनेकदा याच दिवसांत येतात आणि बंदोबस्तामुळे परवानगी अडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. झोपणाऱ्याच्या हक्काचा हा नियम योग्यच आहे. पण त्याची कात्री कुठे लागली ते पाहिलं पाहिजे. संध्याकाळी उशिरापर्यंत पालखीचा छबिना चालतो, त्यानंतर तमाशाच्या वाट्याला दोन-तीन तास उरतात. मग गण दोन कडव्यांत संपतो, गवळण धावते, गाणी तेवढी होतात आणि वग सुरू व्हायच्या आत पोलिसांची शिट्टी वाजते. ज्या तरुणांनी असाच तमाशा पाहिला, त्यांना तमाशा म्हणजे गाणी एवढंच वाटलं तर त्यांचा काय दोष? मग गाणीच हवीत, तर डीजेच्या तालावरचा नाचाचा कार्यक्रम काय वाईट, असं कमिटीला वाटतं, आणि आणखी एक तिथी फडाच्या वहीतून निसटते.

यावर उपाय राहुटीतच निघू शकतो. फड तेच आणतो जे गाव मागतं. काही गावांनी हुशारीने वेळ बदलून घेतली आहे. खेळ दिवस मावळताच लावायचा, छबिना त्याच्या मागे ठेवायचा, किंवा सकाळच्या हजेरीतच वग करायला सांगायचा. दिवसा वेळेची अडचण येत नाही. कमिटीने सुपारी देताना "मुली किती?" याच्याबरोबर "वग कोणता, लिहिला कुणी, पुरा होणार का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ होईल. विचारणारा आहे म्हटल्यावर मालक चांगला वग बसवून घेईल, त्यासाठी लिहिणाऱ्याला पैसे देईल, आणि कधीतरी त्याचं नाव फलकावर येईल.

आणि ज्यांच्या गावी जत्रा नाही, अशा पुण्या-मुंबईतल्या वाचकाने काय करावं? चैत्रातल्या एखाद्या मोठ्या तिथीला नारायणगावला जावं. राहुटीत शिरून सरळ विचारावं, "आज रात्री कुठं हाय?" ते गावाचं नाव सांगतील, रस्ताही सांगतील. जत्रेतल्या तमाशाला तिकीट नसतं, गावाने ते आधीच भरलेलं असतं आणि पाहुण्याला कुणी परतवत नाही. सोबत एक सतरंजी घ्यावी. हलगी जाळावर धरतात तेव्हाच पोचावं, म्हणजे गण चुकणार नाही. आणि गाणी संपल्यावर पुढची माणसं उठायला लागली, तरी आपण बसून राहावं. वग त्यानंतर असतो.